आधी विचार, आज काय बंद आहे

प्रिय ऋतुजा,

तुझं हवाई वाहतूक नियंत्रकाचं नेमणूकपत्र आलं आणि प्रशिक्षणाला प्रयागराज मिळालं, हे तुझ्या बाबानं कळवलं. गोंदियाच्या केंद्रात नंबर लागला असता तर तुझ्या आईला जरा धीर आला असता. पण प्रयागराजमधलं बमरौलीचं कॉलेज जुनं आहे, तिथलं शिक्षण कसून होतं. तुझ्या फिजिक्सचा तिथं रोज उपयोग होईल. अभिनंदन फोनवर केलंच आहे; हे पत्र वेगळ्या कारणानं लिहिते आहे.

तुझ्या आईनं परवा मला विचारलं, "ताई, रडार बंद पडलं, रेडिओ बंद पडला आणि काही विपरीत घडलं, तर खापर पोरीच्याच डोक्यावर फुटणार ना?" तिला मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. दिल्लीची यंत्रणा नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलमडल्याच्या बातम्या तिनं वाचल्या आहेत, विमानांच्या जीपीएसला कुणी फसवतं हेही ऐकलं आहे. तिची भीती खोटी नाही. मी सगळी नोकरी धावपट्टीच्या कडेच्या ट्रान्समीटरच्या खोल्यांत काढली. तू वर टॉवरमध्ये किंवा रडारसमोर बसणार. मी केबली, अँटेना आणि मॉनिटर यांच्या बाजूची. आमच्या विभागाला सीएनएस म्हणतात, म्हणजे संचार, दिशादर्शन आणि टेहळणी. तुम्हा नियंत्रकांच्या हाती जे जे येतं ते आमच्याकडून येतं, आणि जे जे बंद पडतं तेही आमच्याकडेच बंद पडतं.

इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. यंत्र बंद पडल्यानं माणसं सहसा मरत नाहीत. यंत्र बंद आहे, अर्धवट चालू आहे किंवा चुकीचं सांगतं आहे, हे ज्याला कळायला हवं त्याच्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा मरतात. तुझ्या अभ्यासक्रमात उपकरणांचं काम शिकवतील, बिघाडाच्या वेळची कार्यपद्धतीही पाठ करून घेतील. पण बिघाडाची बातमी एका माणसाकडून दुसऱ्याकडे कशी जाते आणि वाटेत कुठे हरवते, यावर तू पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवावंस असं मला मनापासून वाटतं.

एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर आदळलं, हे तुला होमी भाभांमुळे ठाऊक असेल. मुंबईहून दिल्ली, बैरुत करत ते जिनिव्हाला उतरायचं होतं, पुढे लंडनला जायचं होतं. भाभा व्हिएन्नाला निघाले होते. विमानातले ११७ जण गेले. या अपघाताभोवती घातपाताच्या कथा इतक्या रचल्या गेल्या आहेत की चौकशीत काय निघालं ते फार थोड्यांना माहीत असतं. आणि ते तुझ्या कामाच्या दृष्टीनं फार मोलाचं आहे.

विमानात व्हीओआरचे रिसीव्हर असतात. जमिनीवरचं व्हीओआर केंद्र सतत लहरी सोडतं आणि त्यावरून विमानाला कळतं की आपण त्या केंद्रापासून नेमके कोणत्या दिशेला आहोत. दोन रिसीव्हर दोन केंद्रांवर लावले की दोन दिशारेषा मिळतात आणि त्या जिथे छेदतात तिथे आपण असतो. कांचनजंगा बैरुतहून निघालं तेव्हा त्यातला एक रिसीव्हर नादुरुस्त होता, आणि वैमानिकाला ते माहीत होतं. म्हणजे बिघाड विमानात ठाऊक होता. जिनिव्हाजवळ वैमानिकानं आपली जागा अंदाजानं ठरवली आणि आपण माँ ब्लाँच्या बरोबरीला आलो आहोत असं नियंत्रकाला कळवलं. नियंत्रकानं रडारवर पाहिलं तर अंदाज चुकला होता, शिखर अजून पुढे होतं. त्यानं विमानाला सांगितलं की माँ ब्लाँ अजून पाच मैलांवर आहे. वैमानिकाकडून उत्तर गेलं, 'रॉजर'. त्यानं ऐकलं, पण समजला उलटंच. शिखराची धार आपण ओलांडली असं धरून तो खाली येत राहिला.

चौकशीच्या अहवालानं जे म्हटलं त्याचा आशय असा, की नियंत्रकानं चूक ओळखली होती, विमानाची जागा बरोबर काढली होती, ती विमानाला कळवलीही होती. फक्त वाक्यरचना पुरेशी नेमकी नव्हती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटता आलं नाही. एका बिघडलेल्या रिसीव्हरनं जी उणीव निर्माण केली ती भरून काढायला दुसरं यंत्र, म्हणजे जिनिव्हाचं रडार, उत्तम चालू होतं. माणूस जागरूक होता. 'तुम्ही अजून शिखर ओलांडलेलं नाही, उंची सोडू नका' एवढं उघड वाक्य गेलं असतं तर? आणि वैमानिकानं नुसतं 'रॉजर' न म्हणता आपल्याला काय समजलं ते परत म्हणून दाखवलं असतं तर? तुला या परत म्हणण्याचा, म्हणजे रीडबॅकचा, कंटाळा येईल इतका तो करवून घेतील. कंटाळा आला की हे आठव. त्याच डोंगरावर १९५० च्या नोव्हेंबरात एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' आदळलं होतं, ४८ जण गेले होते. कांचनजंगातली टपालाची एक थैली २०१२ मध्ये, ४६ वर्षांनी, बर्फातून वर आली.

डोंगर आपल्याकडेही आहेत. जुन्नरजवळ ७ जुलै १९६२ च्या रात्री अलितालियाचं डीसी-८ डोंगरावर कोसळलं, ९४ जण गेले. मुंबई प्रत्यक्षात होती त्याहून जवळ आली असा वैमानिकाचा समज झाला आणि तो आधीच खाली उतरला. त्या प्रकरणात जमिनीवरची साधनं उपलब्ध असूनही आपली जागा तपासून घ्यायला ती वापरली गेली नाहीत, असा निष्कर्ष निघाला. पावसाळ्यात मुंबईकडे येणाऱ्या विमानाला तू कधी उंची सोडायची परवानगी देशील, तेव्हा खाली सह्याद्री आहे हे तुला मराठी मुलगी म्हणून वेगळं सांगायला नको.

आता माझ्या स्वतःच्या कामाजवळची गोष्ट. ही मी प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगत असे, आणि नियंत्रकांनाही सांगायला हवी असं मला नेहमी वाटे.

आयएलएस म्हणजे ढगात, धुक्यात विमानाला धावपट्टीपर्यंत आणणारी यंत्रणा. तिचे दोन भाग. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला लोकलायझर असतो, तो डावं-उजवं सांगतो. अलीकडच्या टोकाजवळ, बाजूला, ग्लाइड पाथचा मनोरा असतो, तो वर-खाली सांगतो. दोघेही एका लहरीवर दोन स्वर चढवून पाठवतात, एक ९० हर्ट्झचा, एक १५० हर्ट्झचा. विमान योग्य वाटेच्या एका अंगाला गेलं की एक स्वर जड होतो, दुसऱ्या अंगाला गेलं की दुसरा. दोन्ही समान असले की काटा मध्यावर. वैमानिक तो काटा मध्यावर धरून तीन अंशांच्या उतारानं खाली येतो. ग्लाइड पाथचा संदेश जमिनीवरून परावर्तित होऊन घडतो, म्हणून समोर गवत वाढलं, पाणी साचलं तरी त्यात फरक पडतो. पावसाळ्यात गवत कापायला आम्ही का भांडायचो ते यावरून कळेल. एअरपोर्ट अथॉरिटीचं खास विमान ठरावीक काळानं येऊन हवेतून हे सगळं मोजून जातं.

या यंत्रणेची एक गोष्ट मला अतिशय आवडते. तिच्यासमोर मॉनिटर बसवलेले असतात, ते तिचाच संदेश अखंड तपासतात. संदेश मर्यादेबाहेर सरकला की यंत्रणा दुसऱ्या ट्रान्समीटरवर जाते. तोही बिघडलेला निघाला तर स्वतःला बंद करून घेते. टॉवरमध्ये दिवा लागतो, विमानात लाल पट्टी येते. चुकीचं सांगण्यापेक्षा गप्प बसणं बरं, हे ज्यांनी पहिल्यांदा यंत्राच्या रचनेत घातलं त्यांच्याविषयी मला फार आदर आहे.

पण २९ जुलै २००० च्या रात्री समोआ बेटांवरच्या फालेओलो विमानतळावर हे संरक्षण निकामी झालेलं होतं. ग्लाइड पाथच्या दुरुस्तीचं काम चालू होतं. खोदकामात केबल तुटली होती, त्यामुळे टॉवरला त्या यंत्राची स्थिती दिसतच नव्हती. यंत्र बायपासवर ठेवलेलं होतं, म्हणजे मॉनिटरनं दोष पकडला तरी ते बंद होणार नव्हतं. आणि प्रत्यक्षात दोष होताच. ट्रान्समीटरमधून दोन भाग हवेत जायला हवेत. एका भागात दोन्ही स्वर समान असतात. दुसरा भाग विमानाच्या जागेप्रमाणे त्यांत फरक पाडतो. हा दुसरा भाग जातच नव्हता. तराजूच्या दोन्ही पारड्यांत कायमची सारखी वजनं अडकून बसावीत तशी गत झाली. विमान वर असो, खाली असो, काटा मध्यावर. स्वर भरपूर जोरात येत होते, म्हणून लाल पट्टीही येत नव्हती.

ऑकलंडहून आलेलं एअर न्यूझीलंडचं ७६७ त्या काट्याच्या मागं खाली उतरत गेलं. कॉकपिटमध्ये तीन वैमानिक होते, तिघेही अनुभवी. यंत्र म्हणत होतं, सगळं अचूक आहे. कुणाला तरी खिडकीबाहेरचे दिवे जागेवर दिसेनात, अंतराचा आणि उंचीचा मेळ बसेना. तीन अंशांच्या उतारावर दर सागरी मैलाला साधारण ३०० फूट, हे गणित तोंडपाठ ठेव. म्हणजे सहा मैलांवर विमान १८०० फुटांच्या आसपास हवं. ते होतं ४०० फुटांच्याही खाली. कॅप्टननं जोर देऊन विमान वर उचललं. दुसऱ्या खेपेला त्यांनी ग्लाइड पाथवर विसंबायचं सोडलं, अंतर आणि उंची पडताळत उतरले. कुणालाही ओरखडा आला नाही.

त्यानंतर त्या कंपनीनं जे केलं ते मला या व्यवसायातल्या उत्तम कामांपैकी एक वाटतं. कुणी मेलं नव्हतं, प्रकरण दाबून टाकणं सहज शक्य होतं. त्यांनी उलट खोलवर चौकशी केली, वैमानिकांना बोलू दिलं, त्याची फिल्म करून जगभर दाखवली. त्या फिल्ममुळे हा दोष जगातल्या कितीतरी वैमानिकांना आणि आमच्यासारख्या इंजिनिअरांना कळला.

त्या रात्री ग्लाइड पाथवर देखरेख नाही अशी नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, निघालेली होती. वैमानिकांपर्यंत सूचना पोचलेली होती! पण देखरेख नाही म्हणजे नेमकं काय होऊ शकतं, काटा सगळीकडे मध्यावर राहू शकतो, हे त्या ओळीत कुठे होतं? नियमाप्रमाणे लिहून मोकळं होणं आणि समोरच्याला धोका कळेल असं सांगणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तू पुढे अशा सूचना वाचशील, वैमानिकाला ऐकवशील. प्रत्येक वेळी मनात विचार, की हे बंद आहे म्हणजे या विमानाला आत्ता काय करता येणार नाही?

चरखी दादरीची टक्कर तुझ्या जन्माआधीची. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ, दिल्लीजवळ सौदीचं ७४७ वर चढत होतं आणि कझाकस्तानचं इल्युशिन उतरत होतं. एकाला १४,००० फुटांची मर्यादा दिलेली, दुसऱ्याला १५,००० ची. इल्युशिन परवानगीशिवाय खाली आलं. ३४९ माणसं गेली. न्यायमूर्ती लाहोटी आयोगानं दोष कझाक वैमानिकांकडे दाखवला, आणि तो दोष होताच. पण दिल्लीच्या नियंत्रकासमोरच्या रडारवर विमानाची जागा दिसत होती, उंची दिसत नव्हती. उंची दाखवणारं दुय्यम रडार आणलेलं होतं, कार्यान्वित झालं नव्हतं. येणारी आणि जाणारी विमानं एकाच वाटेनं जात होती. उंचीसाठी त्या नियंत्रकाला वैमानिकाच्या शब्दावरच विसंबावं लागत होतं. नंतर वाटा वेगळ्या झाल्या, हवेत टक्कर टाळणारं उपकरण भारतात येणाऱ्या विमानांना सक्तीचं झालं. या सगळ्या सुधारणा आधी सुचलेल्या, ठाऊक असलेल्या होत्या. याचा मला अजून राग येतो आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र युबर्लिंगेनमध्ये आहे. जर्मनी-स्वित्झर्लंडच्या सीमेवर १ जुलै २००२ च्या रात्री रशियन तुपोलेव्ह आणि डीएचएलचं ७५७ ही विमानं एकमेकांवर आदळली. ७१ जण गेले, त्यांतली ५२ मुलं. नियंत्रण झुरिचकडे होतं. रात्री दोघं नियंत्रक कामावर; प्रघात असा पडलेला की गर्दी ओसरली की एकानं विश्रांतीला जायचं. व्यवस्थापनाला हे माहीत होतं, चालवून घेतलं जात होतं. त्याच रात्री यंत्रणेच्या देखभालीचं काम निघालं. रडार कमी क्षमतेवर, पडद्यावर टकरीचा इशारा देणारी सोय बंद, मुख्य टेलिफोन बंद आणि पर्यायी टेलिफोन नादुरुस्त. या सगळ्याचा मिळून काय परिणाम होईल याची त्या एकट्या माणसाला पुरती कल्पना नव्हती. तो दोन पडदे सांभाळत होता. उशिरा आलेलं एक विमान दुसऱ्या विमानतळावर उतरवायचं होतं, त्यासाठी फोन लावत होता, फोन लागत नव्हता. शेजारच्या कार्ल्सरूहेच्या केंद्रात धोक्याचा इशारा वाजला, तिथले लोक झुरिचला फोन लावत राहिले. तोही लागला नाही. शेवटी त्यानं तुपोलेव्हला खाली यायला सांगितलं, त्याच क्षणी विमानातलं टक्कर टाळणारं उपकरण त्याला वर जायला सांगत होतं. दुसऱ्या विमानाला त्याचं उपकरण खाली जा म्हणत होतं. दोघेही खाली गेले.

त्यानंतर विमानातल्या उपकरणाचा आदेश नियंत्रकाच्या आदेशाहून वरचढ, हा नियम जगभर निःसंदिग्ध झाला. पण तो नियंत्रक वाचला नाही. २००४ मध्ये, ज्याची बायको-मुलं त्या विमानात गेली अशा एका दुःखानं वेड्या झालेल्या बापानं त्याला त्याच्या घराच्या दारात मारलं. २००७ मध्ये न्यायालयानं झुरिचचं नियंत्रण सांभाळणाऱ्या कंपनीतल्या चार जणांना दोषी ठरवलं. आईला हे सांगू नकोस. पण तुला सांगणं मला भाग आहे. खापर शेवटच्या माणसाच्या डोक्यावर फुटतं, हे खरं आहे. म्हणूनच आपल्या पाळीत काय बंद आहे ते त्या शेवटच्या माणसानं विचारायला हवं, आणि 'एवढं सगळं बंद असताना मी एकटी बसणार नाही, दुसऱ्याला बोलवा' असं म्हणायलाही हवं. असं म्हणणाऱ्याला आपल्याकडे कुरकुऱ्या ठरवतात. ठरवू देत.

दिल्लीचं म्हणशील तर ती घटना मला तेवढी भयंकर वाटत नाही. ६ नोव्हेंबर २०२५ ला संदेश पोचवणारी यंत्रणा, एएमएसएस, बिघडली. उड्डाणांच्या योजना नियंत्रकांच्या पडद्यावर आपोआप येईनात. मुलामुलींनी त्या हातानं भरल्या, विमानांमधलं अंतर वाढवलं, ८०० हून अधिक उड्डाणांना उशीर झाला आणि कुणाचा केसही वाकडा झाला नाही. प्रवासी चिडले, वाहिन्यांवर आरडाओरडा झाला. माझ्या मते उशीर होणं हे त्या दोन दिवसांतलं सगळ्यात चांगलं लक्षण होतं. यंत्रणा उघडपणे बंद पडली, सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांनी वेग कमी केला. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दिल्ली-मुंबईच्या स्वयंचलित यंत्रणा मंदावताहेत, असं नियंत्रकांची संघटना काही महिने आधीच सांगत होती.

अमेरिकेतही यंत्रणा अशीच उघडपणे बंद पडली. नेवार्कला येणारी विमानं सांभाळणाऱ्या फिलाडेल्फियाच्या खोलीत २८ एप्रिल २०२५ ला रडार आणि रेडिओ जवळजवळ ९० सेकंद एकदम गेले. टक्कर झाली नाही. पण त्या दीड मिनिटाचा धक्का इतका होता की कित्येक नियंत्रक रजेवर गेले. ब्रिटनमध्ये २८ ऑगस्ट २०२३ रोजी एका उड्डाणाच्या योजनेत एकच नाव असलेली दोन ठिकाणं आली, एक फ्रान्समधलं, एक अमेरिकेतलं. संगणकाला ते सोडवता येईना. चुकीची माहिती नियंत्रकाकडे जाऊ नये म्हणून तो थांबला, हे बरोबरच केलं. मग राखीव संगणक पुढे आला, त्यानं तीच योजना उघडली आणि तोही थांबला, कारण त्यातही तेच सॉफ्टवेअर होतं. सात लाखांहून अधिक प्रवाशांचे हाल झाले. 'स्टँडबाय आहे' असं कुणी सांगितलं तर विचार, की पहिलं ज्यानं पडलं त्यानं दुसरंही पडेल का?

मला खरी धास्ती जीपीएसची आहे. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात आपल्या सीमेलगत, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला, जीपीएसमध्ये हस्तक्षेपाच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचं सरकारनं लोकसभेत सांगितलं. दिल्लीजवळही नंतर असे प्रकार झाले. उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोचतो तेव्हा अत्यंत क्षीण असतो. त्याच लहरीवर जोरदार खोटा संदेश सोडला की रिसीव्हर तोच खरा धरतो. नुसता संदेश दाबला तर विमानाला कळतं की जीपीएस गेलं. खोटा संदेश आला तर कळत नाही, विमान स्वतःला भलत्याच ठिकाणी समजतं. 'जमीन आली, वर उचला' असा इशारा उंच आकाशात वाजतो. पाच वेळा खोटा वाजला की सहाव्या वेळी वैमानिक काय करेल, या विचारानं मला झोप येत नाही.

एके काळी सगळे म्हणायचे, आता उपग्रह आहेत, जमिनीवरची व्हीओआर केंद्रं मोडीत काढा. अमेरिकेनं पुष्कळ बंद केली, पण उपग्रह गेले तरी विमान सुखरूप उतरवता येईल इतकी ठेवली. आपणही ठेवलीच पाहिजेत. शेतात, माळावर कुंपणाच्या आत उभं असलेलं जुनं व्हीओआर दिसायला काही विशेष नसतं, त्याच्या उद्घाटनाला कुणी मंत्री येत नाही. पण दूरच्या कुणाला ते सहजी फसवता येत नाही आणि खराब झालं तर ते स्वतः बंद होतं. विमान सांगतंय ती जागा आणि तुझ्या रडारवरची जागा जुळत नसेल तर संकोच न करता वैमानिकाला विचार. जिनिव्हाच्या नियंत्रकानं नजरेनं ते पकडलं होतं, ते विसरू नकोस.

बमरौलीला तुला आधी रडारशिवायचं नियंत्रण शिकवतील. वेळ, अंतर, उंची आणि कागदाच्या पट्ट्या. तुझ्या वयाच्या मुलांना ते जुनाट वाटतं, परीक्षेपुरतं करून सोडून देतात. ते जीव लावून शीक. पडदा काळा झाला की ती विमानं कुठे होती, कुणाच्या वर कोण होतं, हे डोक्यात उभं राहायला हवं.

आणि लॉगबुक. एका विमानतळावर आमचा एक ट्रान्समीटर मधेच स्टँडबायवर जायचा आणि नंतर आपोआप ठीक व्हायचा. आपोआप ठीक झालेल्या गोष्टीची नोंद कोण करतो! एक नियंत्रक बाई मात्र प्रत्येक वेळी मिनिटासकट लिहून ठेवायच्या. त्यांच्या नोंदी समोर ठेवल्यावर दिसलं की सगळ्या वेळा दुपारी दोन ते चारच्या, निरभ्र दिवसांच्या. खोलीचा एसी दुपारी दमत होता आणि ट्रान्समीटर तापत होता. आम्ही महिनोन्महिने सर्किट तपासत बसलो असतो. त्यांच्यामुळे पावसाळ्याआधी काम झालं. नियंत्रक आणि सीएनएस यांच्यात आपल्याकडे एक जुना दुरावा आहे. वरचे खालच्यांना 'मेंटेनन्सवाले' म्हणतात, खालचे वरच्यांना मिजासखोर समजतात. तू त्यात पडू नकोस. कामावर रुजू झालीस की खाली जा, इंजिनिअरांची नावं विचार, त्यांना तुझं नाव सांग. रात्री दोन वाजता फोन करायचा असतो तेव्हा नाव माहीत असलेल्या माणसाशी बोलणं लवकर होतं.

पाळी हातात घेताना आधीचा नियंत्रक घाईत असतो, त्याची बस सुटत असते. त्याला दोन मिनिटं थांबव. आज काय बंद आहे, काय कमी क्षमतेवर आहे, कुठे कुणी काम करतंय, कधी संपणार, हे विचार. देखभालीची वेळ बदलून मागायचा हक्क तुला आहे; गर्दी असेल तर माग.

पहिली नेमणूक कुठे मिळते ते लगेच कळव. मुंबई मिळाली तर शेजारी जुहू आणि आता नवी मुंबई, आकाश फार गजबजलेलं. लहान विमानतळ मिळाला तर माणसं कमी आणि प्रत्येकाकडे चार कामं. कुठेही गेलीस तरी पहिल्या महिन्यात माझ्यासाठी एवढं शोधून काढ: तिथल्या आयएलएस आणि व्हीओआरची स्थिती टॉवरला कोणत्या केबलनं कळते, ती केबल कुठून जाते, आणि ती तुटली तर टॉवरमध्ये काय दिसतं, लाल दिवा, की काहीच नाही? उत्तर सविस्तर लिही. आईशी मी रविवारी बोलते.

तुझी,
आत्या